चमोट्यावरचा दाब

धार कळणारी माणसं जगात फार थोडी, आणि त्यांतलं एकही आपल्या दुकानात येत नाही, असं उस्तादचं ठाम मत होतं. गिऱ्हाईक म्हणजे ओट्याच्या दगडावरच सुरी चालवणारं, तिच्याच टोकाने डब्यांची झाकणं उचकटणारं, आणि वर "परवाच तर धार लावली होती" म्हणून तोंड वर करून येणारं. लोक त्याला उस्ताद म्हणायचे त्यात निम्मी टिंगल होती. पण आपली टिंगल करण्याइतकी अक्कल कुणाला असेल, हेच त्याला मान्य नव्हतं.

दुकान म्हणजे रस्त्याकडे उघडणारी लांबट खोली. खिडकीखाली पाण्यात भिजत पडलेले दगड, शेजारी बाक आणि बाकावर चमोटा. लाकडी फळीला चिकटवलेलं कातडं, त्यावर घासलेली पॉलिशची हिरवी वडी. दगडावर घासलेल्या सुरीच्या कडेला केसाहून बारीक तार राहते, ती चमोट्यावर उतरवायची असते. सुरी जवळजवळ आडवी धरायची, धार मागे ठेवून ओढायची, टोकाला पोचली की पाठीवर उलटायची आणि तशीच परत आणायची. दाबायचं मात्र नाही. दाबलं की मऊ कातडं धारेभोवती वर येतं आणि लावलेली धार गोल करून टाकतं. एवढीशी गोष्ट त्याच्या थोरल्या भावाला जन्मभर जमली नाही.

"दादा सुरी पाजळत नाही, कणीक तिंबतो," असं उस्ताद भावाच्या तोंडावर गिऱ्हाइकांना सांगायचा. दादा कसनुसं हसायचा आणि पुढची सुरी घ्यायचा. तो गेला त्याला फार दिवस झाले नव्हते. दुकानामागच्या खोलीत आता त्याची बायको एकटीच राहत होती, आणि उस्तादला त्या खोलीत धारेचं यंत्र बसवायचं होतं.

"महिनाअखेरीला खोली रिकामी करा वहिनी," त्याने सांगून टाकलं होतं. तिला दुसरीकडे हक्काचं छप्पर नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं. ती रडेल, हातापाया पडेल अशी त्याची अटकळ होती. ती नुसती "बरं" म्हणाली. तेव्हापासून ती त्याला जास्तच खुपायला लागली.

त्यानंतर समोरच्या हॉटेलातला आचारी सुरी घेऊन परत आला.

"उस्ताद, टोमॅटोवरून घसरतेय ही."

"टोमॅटो कापत होतात की हाडं फोडत होतात?"

"काल नेली आणि आज आणली. तुम्हीच बघा."

उस्तादने तोंड वाकडं करून भिंग डोळ्याला लावलं. धार गोल झाली होती. मुठीजवळ जास्त, टोकाकडे कमी. ओळखीच्या माणसाचं अक्षर दिसावं तसं ते काम त्याला दिसलं, आणि त्याला भयंकर राग आला.

त्याने आचाऱ्याला उद्या या म्हणून वाटेला लावलं. उलगडा त्याच्यापुरता झालाच होता. मागच्या खोलीचं दार दुकानात उघडत होतं. आपल्या पाठीमागे वहिनी तयार सुऱ्या चमोट्यावर रगडत असणार. बाई सूड उगवतेय, आणि तोही नवऱ्याच्या बावळट हाताने! त्या संध्याकाळी तो चमोटा आणि सगळ्या सुऱ्या कापडात गुंडाळून घरी घेऊन गेला.

सकाळी त्याने स्वतः आचाऱ्याची सुरी दगडावर नव्याने घासली, स्वतः चमोट्यावर उतरवली आणि तिथल्या तिथे भिंगातून पाहिली.

धार गोल होती.

त्याने पुन्हा केली, पुन्हा गोल झाली. मग त्याने हात इतका सैल सोडला की सुरी स्वतःच्याच वजनाने सरकावी. कातड्यावरून जाताना ती सर्र असा बारीक आवाज करत होती. त्या आवाजाच्या किंचित मागून दुसरा आवाज येत होता, जाड, रखडत येणारा. उस्ताद थांबला की तोही थांबायचा, मात्र जरा उशिरा.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. भर दुपारी उस्तादने बाकावर तबकडीचा वजनकाटा मांडला आणि त्यावर चमोटा ठेवून काटा शून्यावर आणला. नवशिक्याचा हात हलका व्हावा म्हणून असं शिकवतात. एकदा त्याने भरल्या दुकानात दादाला असं बसवलं होतं आणि काटा कुठवर जातो ते सगळ्यांना दाखवून हसवलं होतं.

सुरी सरकली. काटा जेमतेम थरथरला. उस्तादने नाक उडवलं, कारण स्वतःच्या हाताबद्दल त्याला कधी शंका नव्हती.

पुढच्या ओढीला काटा उजवीकडे कलला. हात तितकाच हलका होता. काटा आणखी कलला.

"भिकार काटा," तो म्हणाला, आणि त्याने सुरी उचलली.

काटा खाली आला नाही.

मोकळ्या चमोट्यावर, कातड्याच्या मध्यावर, एक खळगा पडला होता. तो हळूहळू उस्तादकडे सरकत आला. काठाशी थांबला. मग परत निघाला.

मागचं दार वाजलं. एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात खोलीची किल्ली घेऊन वहिनी आत आली. तिने काट्याकडे पाहिलं, कातड्याकडे पाहिलं. ती किंचाळली नाही.

"अहो, दाबू नका," जाता जाता रोज सांगावं तशी ती म्हणाली. "जरा हळू घ्या."

काटा शून्यावर आला.

उस्ताद एक पाऊल मागे सरकला होता. पण भीतीपेक्षा तुच्छता त्याच्या जास्त सवयीची होती, आणि ती लगेच मदतीला धावून आली.

"मेला तरी बायकोच्या शब्दाबाहेर नाही," तो म्हणाला. "किल्ली ठेवा आणि निघा वहिनी. जाताना तुमच्या नवऱ्यालाही घेऊन जा."

तिने किल्ली बाकावर ठेवली आणि ती रस्त्याच्या दाराकडे वळली.

त्याने सुरी पुन्हा चमोट्यावर घेतली. अशी धार त्याला आयुष्यात लागली नव्हती. त्याने नेहमीसारखी डावी बाही वर सारली आणि हातावरच्या केसांवर पातं टेकवलं. केस आपोआप गळून पडले.

त्याने सुरी उचलायला हात हलवला. हात उचलेना.

त्याच्या बोटांवर कुणाची तरी बोटं होती. भार फारसा नव्हता. सुरी हातावर आडवी झाली, धार मागे ठेवून कोपरापर्यंत गेली, पाठीवर उलटली आणि मनगटाकडे परत आली. पुन्हा कोपराकडे निघाली. अगदी हलक्या हाताने.

"वहिनी," उस्ताद म्हणाला. "वहिनी, किल्ली उचला. खोली तुमचीच आहे. तुम्ही ह्याला सांगा ना, थांब म्हणून."

ती दारात थांबली. तिने वळून त्याच्याकडे पाहिलं. आजवर तो गिऱ्हाइकांच्या सुऱ्यांकडे ज्या नजरेने पाहत आला होता, तीच नजर होती ती.

"मी काय सांगणार, भाऊजी?" ती म्हणाली. "मी आता इथली कोण?"

तिने जाताना दार नीट ओढून घेतलं.

सुरी मनगटाशी उलटली आणि परत निघाली. दाब थोडा वाढला होता. चमोट्यावर उमटते तशी पोलादाची काळी रेघ त्याच्या कातडीवर उमटत होती. रक्त अजून आलं नव्हतं.