पूर्वेकडे वळलेली तार

काल संध्याकाळी म्हातारा पूर्वेच्या खांबाखाली मरून पडलेला सापडला. डोकं फुटलेलं, शेजारी आडवी शिडी. पोलिसांनी अपघात म्हणून हात झटकले, तेव्हा शेजारणीनं गुप्तहेर बाईंना बोलावलं.

"तार दुरुस्त करताना पडले. उघड आहे," सोबत आलेले वकीलसाहेब म्हणाले.

"तुम्हाला सगळंच उघड दिसतं," बाई म्हणाल्या आणि मान वर करून बघत राहिल्या.

म्हातारा निवृत्त बिनतारी यंत्रचालक. परसात चार खांबांवर पतंगाच्या आकारात अँटेनाची तार ताणलेली. तिच्या एका टोकाला छोटं खोकं. ते ज्या टोकाला, त्याच दिशेशी तार बोलते. खोकं पूर्वेच्या खांबावर होतं, चिकटपट्टी कोरी करकरीत. पश्चिमेच्या खांबावर मात्र खोक्याएवढा फिका चौकोन उरला होता.

"काल सकाळी मीच चढून ते इकडे लावलं आणि शिडी परत घरामागे ठेवली," शेजारीण डोळे पुसत म्हणाली. "भाऊंचे गुडघे कधीच गेलेत, त्यांना एक पायरी चढवत नव्हती. कशाला म्हटलं, तर म्हणाले, पोरीच्या जिवासाठी. नवऱ्याच्या माराला कंटाळून पळाली ती, वर्ष झालं. कुठंय ते मलाही सांगितलं नाही. रोज संध्याकाळी तेवढं यंत्रावर बोलायचे तिच्याशी."

जावई जहाजावर रेडिओ अधिकारी होता. त्याच्या खोलीत बॅग भरून तयार होती.

"सासरे गेल्याचं आत्ता तुमच्याकडूनच कळतंय. वर्षभर तिकडे फिरकलो नाही मी."

"मग ही बॅग?"

"बायकोला शोधायला निघालोय. पूर्वेच्या बंदरांकडे."

"पूर्वेलाच का?"

"तिथेच आहे ती. खात्री आहे माझी."

बाई खुर्चीत टेकल्या. "वर्षभर ती तार पश्चिमेशी बोलत होती. पूर्वेकडे वळली ती फक्त काल. सासऱ्यांना तुमची चाहूल लागली होती. तुम्ही तार बघून दिशा ओळखणार, म्हणून त्यांनी तारेलाच मुद्दाम खोटं बोलायला लावलं. वर्षभर न फिरकलेल्या माणसाला पूर्व कुठून सुचली? आणि ज्याला एक पायरी चढवत नाही, त्याच्याजवळ शिडी कोणी ठेवली?"

"म्हणजे... ती पूर्वेला नाही?" जावई पुटपुटला. मग एकदम ओरडला, "किती विचारलं! मरेपर्यंत थेरड्यानं तोंड उघडलं नाही!"

बाईंनी दाराबाहेर थांबवलेला हवालदार आत आला.

संध्याकाळी शेजारणीनं खोकं पुन्हा पश्चिमेच्या खांबावर लावलं आणि यंत्र सुरू केलं. खरखर विरली. पोरीचा आवाज स्वच्छ आला.

"बाबा, काल कुठे होतात? जेवलात ना?"

वकीलसाहेबांनी तोंड फिरवलं. बाईंनी माइक हातात घेतला आणि बटण दाबलं.