दादाचं लॉगिन

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यात माझ्या पदरचा एक शब्दही नाही.

रविवार होता. दुपारचे सव्वादोन. हॉस्पिटलच्या तळघरातल्या सर्व्हर रूममध्ये लॅपटॉप घेऊन मी एकटीच बसले होते.

इथला सर्व्हर सांभाळायचं काम आधी माझ्या दादाचं. पाच महिन्यांपूर्वी तो गेला आणि त्याची खुर्ची माझ्याकडे आली. त्याचं सर्व्हरवरचं खातं बंद करायचं मी टाळत होते. त्या दिवशी मन घट्ट केलं आणि फोल्डरसकट उडवलं.

दोनच मिनिटांत रक्तपेढीतल्या सिस्टरचा फोन.

"मॅडम, नोंदी उघडत नाहीयेत. बाळंतिणीचं रक्त थांबत नाहीये. तिला कुठलं रक्त चालत नाही, ते त्यातच लिहिलंय."



नोंदी डेटाबेसमध्ये सुखरूप होत्या. पण त्यांच्याशी जोडून देणारा ड्रायव्हर, म्हणजे छोटा प्रोग्राम, पत्ता आणि पासवर्ड वाचायचा तो दादाच्या फोल्डरमधल्या सेटिंगच्या फाइलमधून. ती मीच उडवली होती. कॉपी न काढता.

नवी फाइल लिहिली. पत्ता घातला, पोर्टचा नंबर घातला. पासवर्ड मात्र दादा सोबत घेऊन गेला होता. अंदाजाने पाच टाकून पाहिले. पाचही नाकारले.

फोन पुन्हा वाजला. उचलायची हिंमत होईना.

"दादा, काय करू रे आता?" मी रडत मोठ्याने म्हणाले.

आणि... सर्व्हरच्या पंख्यांची घरघर थांबली.

दिवे चालू होते. मशीन चालू होतं. फक्त आवाज नव्हता.

त्या शांततेत कीबोर्ड वाजला... माझा नाही. पलीकडे, सर्व्हरला जोडलेला.

तिथे कुणीच नव्हतं.

मग घरघर परत सुरू झाली. फोन उचलला तर सिस्टर म्हणाली, "उघडलं, मॅडम."

दादाचं फोल्डर जागेवर होतं. आत फाइल. वेळ दोन चोवीस. पहिली ओळ इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत...

"आधी कॉपी काढायची असते, शहाणे."

बाळ-बाळंतीण सुखरूप घरी गेले. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. खरं काय ते मी वहिनीलाही सांगितलं नाही.

सर्व्हरवर कोण कोण लॉगिन आहे ते मी रोज बघते. दोन नावं असतात. माझं... आणि त्याचं. त्या दुपारपासून, त्याच कीबोर्डवरून.

वरून निरोप आलाय, सर्व्हर रीस्टार्ट करा. केला की त्याचं लॉगिन तुटेल.

मी रोज उद्यावर ढकलते. मला त्याची भीती वाटते की तो जाईल याची, ते माझं मलाच कळत नाही.