गाण्यातली रिकामी जागा

विक्रांत, ते आधी बंद कर. बंद कर म्हणतो ना! बाकी काय हवं ते लाव, पण हे गाणं माझ्या छतावर नको. नवीन केलंय म्हणून चिडत नाही रे मी. त्या ढोलवाल्यांनी जिथे धडाधड सुरू केलं ना, तिथे वाजवायचं नसतं. ईरा, हसू नकोस. बस इथे. लाइट येईपर्यंत सांगतो.

आपला केदार माहीत आहे ना, फ्रीगंजात कोचिंग क्लास चालवतो तो? त्याचा आधी स्टुडिओ होता. त्याच्यावर गुजरलेली गोष्ट आहे, त्यानेच मला सांगितली.

गेल्या सालची वैकुंठ चतुर्दशी. महाकालाची सवारी गोपाल मंदिराकडे निघालेली, सगळं शहर तिकडे. केदार स्टुडिओच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या उषाकाकूंना दूध द्यायला गेला. त्यांची कामवाली बाई सवारी बघायला गेली होती.

उषाकाकू म्हणजे हे गाणं पहिल्यांदा गाणाऱ्या. चाल त्यांच्या यजमानांची, भय्यासाहेबांची. त्यांना एकच मुलगी, दुर्गा. घाटावर खेळायची. दिवेलागणीला काकू हाक मारायच्या, "सांजावलं गं, येतेस ना?" आणि ती खालून ओरडायची, "आले!" एके दिवशी ओरडली नाही. क्षिप्रेत गेली पोर.

भय्यासाहेबांनी तीच हाक गाण्यात घातली, आणि हाकेनंतर जागा रिकामी सोडली. तबला नाही, पेटी नाही, काही नाही. काकू म्हणायच्या, तिथे दुर्गाचं 'आले' ऐकू येतं. दुसऱ्या कुणाला यायचं नाही.

काकूंच्या आवाजातली त्या गाण्याची एकच रेकॉर्ड होती, घर बदलताना तीही फुटली. मग घशाचं ऑपरेशन झालं, काकूंचा आवाज गेला. आणि गाणं मात्र असं चाललं की विचारू नका! बँडवाल्यांनी घेतलं, गरब्यात आलं, हिंदीत झालं. त्यातली अर्धी व्हर्जन केदारनेच केलेली. प्रत्येक नवीन गाणं तो काकूंच्या छोट्या प्लेअरमध्ये भरून द्यायचा. ती हाक जवळ आली की काकू हात वर करायच्या... आणि तिथे बासरी! नाहीतर टाळ्या, नाहीतर कीबोर्ड. काकूंचा हात खाडकन खुर्चीवर आपटायचा. कुजबुजायच्या, "भरली. परत भरली."

केदारही वैतागायचा. "काकू, जागा रिकामी सोडली तर लोकांना वाटतं मोबाइल अटकला! गाणं करून घेणारी पार्टी पैसे देणार नाही मला."

त्या रात्री काकूंनी दूध घेतलं नाही. डॉक्टरांनी आशा सोडलेलीच होती. त्यांनी केदारचं मनगट धरलं. "एकदा," म्हणाल्या. "रिकामी."

केदारला फार लागलं ते. खाली आला, स्टुडिओचं दार आतून लावलं, तानपुरा सुरू केला आणि स्वतःच गायला बसला. हाकेपाशी तानपुराही बंद करायचा आणि थांबायचं, एवढंच काम. पण जमेचना! एकदा लांब फटाका फुटला. मग खुर्ची करकरली. मग गाडीचा हॉर्न. मग सवयीने याचंच बोट कीबोर्डवर पडलं. स्वतःच्या हातावर चापट मारली त्याने. परत गायला, तर ठसका लागला. रडकुंडीला आला बिचारा. "अरे, आता तरी गप्प बसा ना कोणीतरी!" असं रिकाम्या खोलीत ओरडला.

आणि सगळं गप्प झालं.

फटाके थांबले. रस्ता थांबला. पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज नव्हता.

केदारला तेव्हाच उठावंसं वाटलं. उठला नाही. गायला.

"सांजावलं गं... येतेस ना?"

थांबला.

...

मागून, दाराजवळून. त्याच्या कमरेइतक्या उंचीवरून.

"आले."

त्याने मान वळवली नाही. वळवताच आली नाही. दाराची कडी तशीच लागलेली. बाहेर जिन्यावर पावलं वाजली. छोटी. पळत. वर जाणारी...

बऱ्याच वेळाने तो वर गेला. काकू खुर्चीत होत्या. हात वर केलेला, तसाच. आपटलेला नव्हता. बोटं मिटलेली, लेकराचा हात धरावा तशी. अंग गार.

केदारचं रेकॉर्डिंग अजून खालीच होतं, बरं का. काकूंनी ते ऐकलंच नव्हतं. मांडीवरच्या प्लेअरवर गरब्याचं गाणं चालू होतं, त्यानेच केलेलं, टाळ्यांचं. हाक आली. टाळ्या नाहीत. मग त्याने बँडवालं लावलं. हिंदी लावलं. सगळ्यांत ती जागा रिकामी.

मी म्हटलं, प्लेअर बिघडला असेल. केदारने स्टुडिओच विकला.

विक्रांत, काढ तुझा मोबाइल. मघाचंच लाव, ढोलवालं. घाबरतोस काय? लाव.

हं... हे ढोल. आता हाक येईल.

...

अटकला? नाही रे. नीट बघ. सेकंद पुढे चाललेत...