एमेटच्या बाजूचं नाणं

शनिवारी दफनभूमीतलं गवत कापलं जायचं, म्हणून शुक्रवारी सकाळी डार्लीन कोवाच कॉफीचा रिकामा डबा घेऊन सैनिकांच्या थडग्यांच्या रांगेतून फिरायची. भेटीला येणारे आठवण म्हणून थडग्यांवर नाणी ठेवून जायचे; ती गोळा केली नाहीत तर खाली पडतात आणि गवत कापायच्या यंत्रात सापडून बंदुकीच्या गोळीसारखी सुटतात. असंच एक तिथल्या राखणदाराच्या, ड्वाइटच्या, नडगीवर बसलं होतं. तेव्हापासून हे काम डार्लीनच्या गळ्यात पडलं. ओहायोतल्या त्या लहानशा गावात सत्तरीच्या विधवेला कुणी रिकामं बसू देत नाही. नाणी सुपरमार्केटातल्या मोजणी यंत्रात ओतायची आणि येतील त्या पैशांतून थडग्यांवर लावायचे छोटे झेंडे घ्यायचे. यंत्र त्यातूनही आपली दलाली कापून घ्यायचं, आणि मेलेल्यांच्या पैशाला हात लावणाऱ्या त्या खोक्याला डार्लीन दर वेळी मनातल्या मनात शिव्या घालायची.

कुणी कुठलं नाणं ठेवायचं, हेही ठरलेलं होतं. एक सेंट म्हणजे भेटून गेलो. पाच म्हणजे आपण एकत्र कवायत शिकलो, दहा म्हणजे एका तुकडीत होतो. पंचवीस सेंटांचं नाणं मात्र त्यानेच ठेवायचं, जो त्या सैनिकाच्या शेवटच्या घटकेला जवळ होता. तसलं नाणं आता क्वचितच दिसायचं, कारण ठेवणारेही एकेक करून त्याच रांगेत येऊन पडले होते.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी एमेटच्या थडग्यावर पंचवीसचं नाणं होतं.

एमेट तिचा नवरा, एके काळचा सैनिक. आडवा बसवलेला दगड दोघांचा होता. डावीकडे त्याचं नाव आणि जन्ममृत्यूची सालं, उजवीकडे तिचं नाव, जन्मसाल आणि पुढे नुसती आडवी रेघ. दोन्ही नावं एकदम कोरून घेतली की स्वस्त पडतं, म्हणून तिनेच तसं सांगितलं होतं. नाणं डावीकडे होतं. त्याच्या कडेला हिरव्या रंगाचा ठिपका होता.

"हे कुणी ठेवलं गं?" ड्वाइट वाकून बघत म्हणाला. "एमेटने काही लढाईत जीव नाही सोडला. घरी सोडला."

"गॅरेजमध्ये."

"तेच म्हणतो मी. तू होतीस बाजारात. म्हणजे जवळ कोण, तर त्याची ती खटारा गाडी. तिनेच ठेवलं असणार!"

तो खो खो हसला. डार्लीनने नाणं डब्यात टाकलं.

दुकानाच्या दाराशी, बर्फाच्या पेटीला लागून यंत्र उभं होतं. तिने डबा ओतला. यंत्र नेहमीसारखं खडखडलं, पडद्यावर आकडे पळाले आणि खालच्या वाटीत एक नाणं परत येऊन पडलं. तिने ते पुन्हा टाकलं. ते पुन्हा आलं.

"नखरे करतं हो ते," गल्ल्यावरची मुलगी म्हणाली. "आणा इकडे, मी घेते."

मुलीने नाणं गल्ल्यात टाकून त्याची मोड दिली. डार्लीनला एकदम हलकं वाटलं.

पुढच्या शुक्रवारी ते पुन्हा एमेटच्या नावावर होतं. हिरव्या ठिपक्यासकट.

त्या ठिपक्याचा रंग ती ओळखून होती. एमेट गेला त्या दिवशी तो गॅरेजमधली फळी हिरवी रंगवत होता, आणि रंगाचा डबा तो नेहमी खिशातल्या नाण्यानेच उघडायचा. सकाळीच दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. त्याने तिला न विचारता तिच्या आईचा पियानो विकला होता. "आता आत पाऊल टाकू नकोस," असं म्हणून तिने स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये जाणाऱ्या दाराला कडी घातली. थोड्या वेळाने तो दार वाजवू लागला. हाताने नाही, नाण्याने. तीनदा, मग थांबून एकदा. असं बराच वेळ. तिने टीव्हीचा आवाज वाढवला. टकटक थांबली तेव्हा ती पुढच्या दाराने बाजारात गेली, आणि परत आल्यावर तिने कडी काढली, तर तो दाराशीच छाती धरून गार पडलेला होता. सगळ्यांना तिने सांगितलं की मी सकाळपासून बाजारात होते. लोकांनी तिला जवळ घेतलं, तिच्यासाठी जेवण करून आणलं. तिने ते खाल्लं, याची तिला सगळ्यात जास्त लाज वाटायची.

त्या शुक्रवारी ती यंत्रासमोर एकटं तेच नाणं घेऊन उभी राहिली. तिने ते फटीत सोडलं.

यंत्र खडखडलं नाही.

वाटीत टक, टक, टक असा आवाज झाला. मग थांबून एकदा, टक.

वाटीत नाणं एकच होतं. तिने ते उचललं. बोटाला हिरवा रंग लागला.

तिथून ती तडक दफनभूमीत गेली. ड्वाइट गवत कापायच्या यंत्रात तेल घालत होता.

"मी बाजारात नव्हते," ती म्हणाली. "दाराच्या आत होते. तो दार वाजवत होता आणि मी उघडलं नाही."

ड्वाइटने टोपी काढली.

"मग ते नाणं तुझंच आहे," तो म्हणाला. "ठेव जा."

तिने नाणं एमेटच्या नावाखाली ठेवलं आणि दगडाला कपाळ टेकून मोठ्याने रडली. दुसऱ्या दिवशी, नाणं हलू नये म्हणून, ड्वाइटने तेवढ्या तुकड्यातलं गवत हाताने कापलं.

पुढच्या शुक्रवारी सकाळी ती पुन्हा डबा घेऊन निघाली. एमेटच्या दगडाशी थांबली.

"आहे का गं अजून?" ड्वाइटने फाटकापासून ओरडून विचारलं.

"आहे," डार्लीन म्हणाली.

डावी बाजू मोकळी होती. नाणं उजवीकडे होतं, तिच्या नावाखाली, रेघेच्या पुढे सोडलेल्या कोऱ्या जागेवर.