आठ चौकोन आणि एक तारा

"जरा पाय बाजूला घेता? मला पेट्या मोजायच्यात."

इळंगोवननं यंत्राच्या कपाटातून डोकं बाहेर काढलं. निळ्या साडीवर ढगळा स्वेटर, काखेत कागदाची गुंडाळी... मद्रासच्या कचेरीतली आरेखक, तिलकवती. रेडिओ दुर्बिणीचा ब्लॉक डायग्राम, म्हणजे एकेका पेटीसाठी एकेक चौकोन असा तिनं काढलेला आराखडा, प्रत्यक्षाशी ताडून पाहायला ती एका दिवसासाठी उटीला आली होती.

"अहो अम्मा, आज चौकोन राहू द्या. इथं यंत्र बंद पडलंय!"

तीन चाळीस झाले होते. चार दहाला आकाशातला तो फिकट, दिवसाचा चंद्र एका अतिदूरच्या ताऱ्यावरून सरकणार होता. डोळ्यांना न दिसणारा तो तारा फक्त रेडिओलहरींतून कळायचा. तो झाकला जाताना लहरींचा जोर कागदावर नोंदणारी लेखणी कशी खाली येते, त्यावरून त्याचा आकार ठरणार होता. त्या क्षणासाठी इळंगोवन वर्षभर थांबला होता, आणि दुपारपासून लेखणी निपचित पडली होती. दोन तासांत त्यानं पहिल्या दोन पेट्यांचे सगळे सांधे तपासले होते.

"एका टोकापासून सुरुवात केलीत?" तिनं कागद पसरला. आठ चौकोन, त्यांना जोडणारे बाण. "मधोमध मीटर लावा. चौथ्यानंतर."

"तुम्हाला आतल्या तारा तरी ठाऊक आहेत का?"

"एकही नाही," ती हसली. "चौकोनात काय शिरतं, काय बाहेर पडतं, एवढंच ठाऊक आहे. लावा तर!"

त्यानं लावला. काटा हलला. म्हणजे पहिले चारही ठीक!

"आता सहाव्यानंतर." काटा ढिम्म.

"पाचव्यानंतर." काटा हलला.

"सहावी पेटी," ती म्हणाली.

तीनच मोजण्या... इळंगोवन तिच्याकडं बघतच राहिला. मग सवयीनं त्याचा हात पेचकसाकडं गेला.

"उघडू नका! आत काय बिघडलंय ते उद्या बघा. हेच काम करणारी दुसरी पेटी आहे?"

होती. कपाटामागं, धुळीत. दोघांनी मिळून ती बसवली, तेव्हा चार वाजून सात मिनिटं झाली होती. लेखणी थरथरली, वर चढली आणि रेघ ओढू लागली.

दोघं शेजारी-शेजारी उभी राहिली. माणूस जन्मण्याआधी निघालेली लहर डोंगरउतारावरच्या दुर्बिणीत उतरत होती आणि तिलकवतीनं काढलेल्या बाणांच्या वाटेनं एकेक चौकोन ओलांडत या शाईपर्यंत पोचत होती. चार दहाला रेघ किंचित डुलली... आणि खाली आली. चंद्रानं तारा झाकला होता. तिलकवतीनं नकळत इळंगोवनची बाही पकडली होती.

"पुन्हा कधी होईल हे?" तिनं हळूच विचारलं.

"अठरा वर्षांनी." तो कागदाकडंच बघत होता. "तेव्हा तुम्ही इथं असलात तर..."

"अठरा वर्षांनंतरचं आमंत्रण! इतकी घाई बरी नव्हे."

"तसं नाही—" त्याचे कान लाल झाले. "मधली अठरा वर्षंही."

तिनं बाही सोडली. गुंडाळी नीट बांधली, उगाचच पुन्हा सोडली, पुन्हा बांधली.

"अप्पांना विचारावं लागेल."

"मी विचारतो. रविवारी येतो मद्रासला."

"रविवारी अप्पा अकरापर्यंत देवळात असतात," ती दाराशी थबकून म्हणाली. "तुम्ही दहालाच या."