हौसाबाईचे दिवे का गेले?

खण्णकन वाटी फरशीवर पडली आणि घरातली शांतता फुटली. कस्तुरीचं कोपर लागलं होतं. पण आज तिला कुणी रागावलं नाही. सगळ्यांचं लक्ष अंगणातल्या हौसाबाईकडे होतं. हौसाबाई म्हणजे बाबांचा जुना ट्रक.

"तिसरी तपासणी पूर्ण. दोष नाही," गावाचा यंत्रमानव दक्ष म्हणाला.

बाबांनी किल्ली उचलली. सपाटीवर विनाचालक ट्रक धावत, पण करंज घाटात त्यांना सिग्नल मिळत नसे. वरच्या वाडीतल्या बाळांच्या लशी पोचवायला हौसाबाईच हवी.

"थांबा," कस्तुरीची आई वृषाली म्हणाली. "काल घाटात दिवे गेले. आज गेले तर दरी काय बाजूला सरकणार आहे?"

"अगं, दक्षला सापडत नाही, तर..."

"दक्षने उभा ट्रक तपासला. घाटात ट्रक उभा असतो होय? दिव्यांबरोबर आणखी काय बिघडलं?"

"हॉर्न घोगरा झाला. समोरच्या मीटरचे काटे नाचले," बाबा म्हणाले.

"ऐकलंस, कस्तुरी? तिघं एकदम आजारी पडले. मग तिघांत सारखं काय?"

"वायर?"

"ती प्रत्येकाची वेगळी. पण वीज बॅटरीतून निघते तशी तिला परतही यावं लागतं, तरच दिवा लागतो. ट्रकमध्ये ती लोखंडी सांगाड्यातूनच परत येते. या तिघांच्या परतीच्या वायरी एकाच बोल्टने सांगाड्याला जोडल्यात. हे अर्थिंग (विजेच्या परतीच्या वाटेवरचा सांधा)."

वृषालीने दिवे लावले. व्होल्टमीटरचं (विजेचा दाब मोजणारं यंत्र) एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला लावलं, दुसरं दिव्याच्या परतीच्या वायरीला.

"वाट मोकळी असेल तर आकडा शून्याजवळ राहील."

शून्यच होता.

"बघ!" बाबा म्हणाले.

"आता नाच गं, कस्तुरी!"

कस्तुरी बंपरवर धपाधप उड्या मारू लागली. आकडा उसळला, पडला, पुन्हा उसळला. दिवे लुकलुकले.

वृषालीने बोल्ट खोलला. खाली लालचुटूक रंग!

कस्तुरीचा चेहरा उतरला. "दसऱ्याला मीच लावला. बाबा म्हणाले, बोल्ट काढून नीट रंगव."

"आता माझ्यावर ढकल!" बाबा हसले.

"रंगातून वीज जात नाही," वृषाली म्हणाली. "जिथे तो खरवडला गेला, तेवढंच लोखंड वायरीला टेकत होतं. धक्का बसला की तेही सुटायचं."

तिने लोखंड चकचकीत होईस्तोवर घासलं, बोल्ट घट्ट आवळला. कस्तुरी पुन्हा नाचली. आकडा जागचा हलला नाही.

"नवा नियम नोंदवला," दक्ष म्हणाला. "हलवून तपासणे. सर्व गावांच्या यंत्रमानवांना कळवतो."

बाबा लशी घेऊन निघाले. थोड्या वेळाने अंधारात हौसाबाईचे दिवे घाट चढताना दिसले. वळणामागून वळण गेलं, दिवे ठाम. वृषालीने मोकळा श्वास घेतला.

कस्तुरी मात्र कसल्याशा विचारात होती.

"आई, एखादी गोष्ट अजून कुणी कधीच हलवली नसेल, तर तिच्यात काय लपलंय ते कसं कळणार?"

वृषालीने व्होल्टमीटर तिच्या हातात ठेवला. "आपणच पहिल्यांदा हलवायची," ती म्हणाली. दक्षने तेही नोंदवून घेतलं.