पांढऱ्यावर पांढरं

सोलगोल गावच्या रस्त्यावर दोन्ही अंगांना टोफूचीच दुकानं आहेत आणि प्रत्येकाच्या पाटीवर 'मूळ दुकान' असं लिहिलेलं आहे. कुणी 'अस्सल मूळ' लिहितं, कुणी 'मुळाच्याही आधीपासून'. फक्त मल-सुन आजीच्या पाटीवर तसलं काही नव्हतं. तिथे तिचं नाव होतं, ग्वोन मल-सुन, तेही उन्हाने अर्धं उडालेलं. आणि रांग मात्र तिच्याच दारात लागायची.

तिचं दुकान आमच्या शेजारी. मध्ये कोबीचा एक वाफा. गल्ल्यावर बसलं की खिडकीतून मला तिची रांग सबंध दिसायची. लोक समुद्राच्या वाऱ्यात पाय आपटत उभे राहायचे. माझ्याकडे खालून ऊब येणारी लाकडी जमीन होती, गाड्या लावायला जागा होती, तरी कुणी ढुंकून बघायचं नाही. एखादी बाई रांग सोडून आत आलीच तर हळूच विचारायची, "मावशी, तुमचा संडास वापरू का?"

वापरा म्हणायचे. काय करणार?

मी मनाने मोठी आहे वगैरे सांगणार नाही. मी जळायचे. लग्नाआधी मी शहरात एका विमा कंपनीत होते, लोकांचे खोटे दावे हुडकायचं काम होतं माझं, त्यामुळे कशालाही कारण असतं यावर माझा विश्वास. पण इथे कारण सापडत नव्हतं. सोयाबीन एकाच व्यापाऱ्याचं. सोयाबीनचं दूध फाडून टोफू बांधायला लागणारं समुद्राचं पाणी माझा नवरा मान-सॉक एकाच टेम्पोतून दोघींसाठी आणायचा. मग तिच्या टोफूत असं काय होतं?

लोक म्हणायचे, आजीचा हात. तिच्या उजव्या हाताची तर्जनी जात्यात सापडून वाकडी झालेली. त्याच हाताने ती जेवणाऱ्याच्या पाठीवर दोनदा थोपटायची आणि म्हणायची, "खा, बाळा. गारठलास." शेवटी न मागता भाताच्या खरवडीच्या गरम पाण्याचं वाडगं पुढ्यात ठेवायची. बस, एवढंच. एवढ्यासाठी माणसं राजधानीहून गाडी काढून यायची आणि डोळे पुसत परत जायची.

मान-सॉकची आई तो लहान असतानाच गेली. तो वाढला मल-सुनच्या चुलीपाशी, तिला मावशी म्हणत. माझा टोफू खाऊन तो "छान झालाय" म्हणायचा, दवाखान्यात पडलेला माणूस "बरं वाटतंय" म्हणतो तसा. आणि वाडग्याच्या तळाशी नेमके दोन घास उरलेले असायचे. वीस वर्षं मी ते दोन घास धुवून टाकत आले. रांगेचं दुःख मी चारचौघींत बोलून दाखवायचे. या दोन घासांचं कुणापाशी बोलले नाही.

आणि मल-सुन मला अजून 'नवी सूनबाई' म्हणायची. गावात आले तेव्हा म्हणाली तशीच. माझं नाव कुम-ही आहे. पाटीवर हातभर मोठ्या अक्षरांत आहे, 'कुम-हीचं टोफूघर'. पण ते नाव घेऊन कुणी दार लोटलं नव्हतं.

*

हिवाळ्याच्या तोंडाशी पालिकेने दुकानदारांसाठी वर्ग काढला. आपली वेबसाइट शोधात वर कशी आणायची, हा विषय. शिकवणारा किडकिडीत माणूस होता, पण डोकं चालायचं त्याचं.

"तुम्हाला काय विकायचंय ते लिहू नका," तो म्हणाला. "माणूस फोनवर काय टाइप करेल ते लिहा. 'टोफू' तर सगळेच लिहितात. 'आईला घेऊन जेवायला कुठे जावं' हे कोण लिहितं? तो तुमचा कीवर्ड. तो मथळ्यात घ्या, पहिल्या ओळीत घ्या, पण माणसासारखं बोला. एकच शब्द शंभरदा कोंबलात तर पोपट वाटाल."

मी हात वर केला. "कोंबले, पण दिसले नाहीत तर?"

तो हसला. "पांढऱ्या पानावर पांढरी अक्षरं? मावशी, ती फार जुनी लबाडी. माणसाला दिसत नाही, यंत्राला दिसतं. पण यंत्राने पकडलं तर ते तुम्हाला शोधातून पुसून टाकतं. मग दुकान असून नसल्यासारखं."

घरी येऊन मी कामाला लागले. 'म्हाताऱ्या आईवडिलांना चावायला सोपं जेवण', 'समुद्र बघून आल्यावर गरम काहीतरी', 'लहान मुलांसाठी बिनतिखट टोफू'. एकेका शब्दाखाली दोन चांगले परिच्छेद लिहिले, खरेखुरे. महिनाभरात 'सोलगोल टोफू' शोधलं की माझं दुकान दुसऱ्या क्रमांकावर दिसायला लागलं.

पहिल्यावर मल-सुन. तिची वेबसाइटच नव्हती! तिच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. लोकांनीच तिच्याबद्दल एवढं लिहून ठेवलं होतं की यंत्रही तिच्याच हातून पाठ थोपटून घ्यायला बसल्यासारखं वागत होतं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्या दुपारी, जेवणाची गर्दी ओसरल्यावर (गर्दी तिची, ओसरले मी), मी माझ्या पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं: ग्वोन मल-सुन. मल-सुन आजी. वाकडं बोट. पाठीवर थोपटणारी आजी. खरवडीचं पाणी. पुन्हा पुन्हा तेच, पान भरेपर्यंत. वरून बघितलं तर नुसती कोरी जागा दिसत होती. मला फार बरं वाटलं.

*

पहिलं जोडपं त्याच आठवड्यात आलं. दोघांनी वाडगी चाटूनपुसून संपवली. पैसे देताना मुलगी म्हणाली, "आजींना आमचा नमस्कार सांगा. त्यांचा हात किती ऊबदार आहे!"

"कोणत्या आजी?"

"आत्ता पाठीवर थोपटून गेल्या त्या."

दुकानात मी एकटी होते. मान-सॉक मागे सोयाबीन भिजत घालत होता. मी म्हटलं, "तुमची गल्लत होतेय. त्या आजी शेजारच्या दुकानात."

दोघांनी खिडकीतून बघितलं. मग एकमेकांकडे बघितलं.

"शेजारी कोबी आहे, मावशी," मुलगा म्हणाला.

दुकान तिथेच होतं. पाटीसकट, दारासकट मला स्पष्ट दिसत होतं. शहरातली पोरं, फोनमधून मान वर काढली की असंच होतं, असं म्हणून मी विषय सोडला.

मग रांग माझ्या दारात लागली. मी पहिल्या क्रमांकावर आले. खोटं कशाला बोलू, एवढं सुख मला लग्नात झालं नव्हतं. मी नवी वाडगी आणली, हाताखाली बाई ठेवली. जाताना सगळे आजींना नमस्कार सांगायचे आणि मी "सांगते हं" म्हणायचे. त्यांना काय वाटायचं ते वाटो, माणसं माझ्या जमिनीवर बसून माझा टोफू खात होती. मान-सॉकच्या वाडग्यात आता एकच घास उरू लागला होता. एका सकाळी तो तोंड पुसत म्हणाला, "आज जमलंय हं." मी न्हाणीत जाऊन थोडी रडले.

पाहुणे फोटो टाकायचे. ते मी रोज बघायचे, आपल्या दुकानाचं कौतुक कुणाला नको असतं? एका फोटोत टेबलाच्या कडेला खरवडीचं वाडगं ठेवणारा हात आला होता. तर्जनी वाकडी. बाही माझ्या निळ्या स्वेटरची होती. ते वाडगं मीच ठेवलं होतं, मला चांगलं आठवत होतं.

मी माझं बोट बघितलं. सरळ होतं. कॅमेऱ्याच्या भिंगाने वाकडं दिसलं असेल, असं मी स्वतःला समजावलं आणि कांदे चिरायला घेतले.

*

मल-सुन दारात लसूण सोलत बसायची. गिऱ्हाईक नाही, की कुरकुर नाही. एक दिवस मीच वाफा ओलांडून गेले. तिचं पडलेलं तोंड एकदा बघावं, असं मला फार वाटत होतं.

"ये, नव्या सूनबाई," ती म्हणाली. "तुझ्याकडे लगीनघाई दिसतेय."

"असतात दिवस, आजी."

"सोयाबीनवाला काल माझ्या पायावरून गेला की ग. हाक मारली तरी बघितलं नाही मेल्याने." ती हसली. मग लसणाची पाकळी तशीच हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. "माझं नाव कुठं लिहिलंस?"

"मी कशाला लिहू तुमचं नाव?"

"लिहिलंयस कुठंतरी. दिवसभर कुणीतरी हाका मारतंय मला. एकामागून एक, दम न घेता. तुझ्या घरातून येतो आवाज." तिने परडी उचलून मांडीवर घेतली. "एवढ्यांदा हाक मारल्यावर न जाऊन कसं चालेल, नाही का?"

तिची सगळी बोटं लसणाच्या सालींत बुडालेली होती. ती वर काढली तेव्हा तर्जनी सरळ होती.

मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी खिडकीतून बघितलं तर कोबीचा वाफा थेट रस्त्यापर्यंत गेला होता. चांगले भरलेले, मोठे गड्डे. इतका मोठा कोबी एका रात्रीत येत नाही.

"मल-सुन मावशीचं दुकान कुठं गेलं?" मी मान-सॉकला विचारलं.

तो पाण्याचे कॅन उतरवत होता. एवढा हसला की कॅन खाली ठेवावा लागला. "सकाळी सकाळी चेष्टा?"

*

पुसून टाकायचं ठरवून मी दुपारी कॉम्प्युटर उघडला. दार लावलेलं होतं. संध्याकाळच्या रांगेला अवकाश होता.

पानाच्या वर मोठ्या अक्षरांत होतं, 'मल-सुन आजीचं टोफूघर'. हे मी लिहिलं नव्हतं.

तळाशी तीच कोरी जागा होती. मी माउस दाबून तिच्यावरून ओढत नेला. जागा निळी झाली आणि पांढरी अक्षरं वर आली.

कुम-ही. कुम-ही. कुम-ही. गाड्या लावायला जागा. स्वच्छ संडास. कुम-ही. कुम-ही.

खोडायला गेले तर पासवर्ड चालेना.

मी फोन घेतला आणि शोधात माझं नाव टाइप केलं. कुम-ही, सोलगोल.

असं काही सापडलं नाही, असं उत्तर आलं. खाली लहान अक्षरांत विचारलं होतं, 'तुम्हाला ग्वोन मल-सुन म्हणायचं आहे का?'

मी बाहेर धावले आणि मान वर करून पाटी बघितली. नाव होतं. उन्हाने अर्धं उडालेलं.

"मान-सॉक!" मी ओरडले. निदान मला वाटलं मी ओरडले.

तो मागच्या दाराने आला. कानटोपी काढली, हात चोळले, गोंधळल्यासारखा खुर्च्यांकडे, चुलीकडे, गल्ल्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे.

"मल-सुन मावशी," तो म्हणाला, "आमची ही कुठं दिसली का?"

मला सांगायचं होतं, अरे मीच. वीस वर्षं तुझे दोन घास धुतले ती मीच. नाव घे माझं, एकदा घे. मी तोंड उघडलं.

"बस, बाळा," मी म्हणाले. "गारठलास."

तो बसला. मी त्याच्यापुढे टोफूचं वाडगं ठेवलं. तो खायला लागला तसा माझा हात आपसूक त्याच्या पाठीवर गेला आणि दोनदा थोपटून आला. त्याने डोळे मिटले. वाकड्या बोटाला त्याच्या स्वेटरची वीण लागत होती.

त्याने वाडगं तिरकं केलं, चमच्याने तळ खरवडला, आणि एक घासही ठेवला नाही.